बाहीच्या आतली खूण

रक्तदाब मोजायचा म्हणून सुनेने माईंची बाही वर सरकवली आणि तिचे हात जागच्या जागी थांबले... दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे म्हातारपणीही कातडी मऊ आणि गोरी राहते तिथे, काळेभोर आकडे एका ओळीत उभे होते. तिला आधी वाटले, पेनाची शाई असेल. माई हल्ली कुठेही काहीबाही खरडत असत, कधी टेबलाच्या कडेवर, कधी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर. तिने ओल्या टॉवेलचे टोक घेऊन हलकेच पुसले, मग जरा जोर लावला. आकडे तसेच राहिले, भोवतालची कातडी मात्र लाल झाली.

“घासू नकोस गं,” माई शांतपणे म्हणाल्या. “ती शाई जात नाही. म्हणून तर घातली.”

“माई... तुम्ही गोंदवून घेतलंत?”

“हळू बोल. भिंतीपलीकडे ऐकू जातं.”

सुनेला हसावे की रडावे ते कळेना. गोंदवून घेतले, आणि माईंनी? ज्या माईंनी पोटच्या मुलीला त्यापायी उंबऱ्याबाहेर काढले, त्याच माईंनी? तिने आकडे नीट वाचले. तो फोन नंबर होता. पुन्हा वाचला. तिचा नव्हता, नवऱ्याचाही नव्हता.

“हा कुणाचा नंबर आहे?”

“माझाच,” माई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. जरा वेळाने त्यांनीच विचारले, “कसला गं? कुठला नंबर?”

माईंचे आयुष्य एका मोठ्या लाँड्रीत गेले होते. तिथे त्या खुणा घालत. आलेल्या प्रत्येक कपड्याला पक्क्या शाईने नंबर टाकायचा, म्हणजे शेकडो कपडे एकाच पाण्यात फिरले तरी ज्याचा त्याच्या घरी जातो. खूण नेहमी आतून, कॉलरच्या पाठीमागे, नाहीतर कमरेच्या पट्टीत, बाहेरून कधी दिसता कामा नये. या कामाचा त्यांना मोठा अभिमान होता. आपल्या हातून एक रुमालही कधी हरवला नाही, हे त्या ज्याला त्याला सांगत. आणि म्हणूनच, थोरली मुलगी खांद्यापासून मनगटापर्यंत पानांची वेल गोंदवून घरी आली तेव्हा माईंचा तोल गेला होता.

सून तेव्हा या घरात नवी होती. स्वयंपाकघराच्या दारात ती जीव मुठीत धरून उभी होती, आणि माई विचारत होत्या, “कुणाचं नाव तरी घालायचंस. खूण ही कुणाची तरी असते. ही पानं कुणाची?”

“कुणाचीच नाहीत,” मुलगी म्हणाली. “मला आवडली.”

“आवडली म्हणून अंगावर शाई? माणूस म्हणजे काय गठ्ठ्यातला कपडा आहे? हा हात घेऊन माझ्या दारात येऊ नकोस.”

“हात इथे काढून ठेवता येत नाही आई,” मुलगी म्हणाली होती. “म्हणून मीच जाते.”

ती गेली ती गेलीच. तिने पडदे शिवायचा धंदा काढला, दुसऱ्या गावात घर केले. तिचा भाऊ कधीमधी बाहेरून बाहेर तिला भेटून येई, पण घरात तिचा विषय कुणी काढीत नसे.

आता माईंना विसर पडू लागला होता. आधी चष्मा, मग माणसांची नावे, आणि एक दिवस रस्ताच. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या सभागृहात एक बाई गाऊन प्रवचन सांगत, माईंचा तो प्राण होता. त्या दिवशी त्या प्रवचनाला म्हणून निघाल्या आणि भलत्याच बाजूच्या एका चपलांच्या दुकानात सापडल्या, एका पायात नवी सँडल, एक पाय अनवाणी, दुकानदाराला सांगताहेत, “मी इथेच कामाला आहे, तुम्ही नवीन दिसता.” तेव्हापासून त्यांना एकटे सोडायची सोय राहिली नाही.

आणि सुनेने काम सोडले.

दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात ती होती. मेण पातळ करायचे, त्यातून एकेक दात घडवायचा, आणि समोरचा एक दात मुद्दाम किंचित वाकडा ठेवायचा, म्हणजे हसताना कुणाला शंका येत नाही. ती कला तिच्या बोटांत होती. माईंची कवळीही तिनेच घडवली होती. “तूच थांब ना थोडे दिवस,” नवरा म्हणाला आणि ती हो म्हणाली. पुढे ना त्याने विचारले, ना तिने सांगितले, की गरम मेणाच्या वासाची आठवण झाली की तिला कधीकधी घास गिळवत नाही. सेवा आहे, पुण्य आहे, असे ती मनाला समजावी... आणि मन तेवढ्यापुरते समजेही.

आज मात्र ते समजत नव्हते. माई झोपल्यावर दुपारी तिने त्यांचाच फोन उचलला आणि दंडावरचे आकडे एकेक करून दाबले.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज आला, “आई?”

सुनेने फोन कानाशी घट्ट धरला.

“आई... आज कापला नाहीस फोन?” आवाज थरथरत होता. “दरवेळी एक रिंग देतेस आणि ठेवून देतेस. मी उचलेपर्यंत... बोल ना गं. काही नको बोलूस हवं तर. नुसती थांब.”

“ताई, मी बोलतेय. वहिनी.”

मग नणंदेने कोरड्या, घाबऱ्या आवाजात विचारले, “आई आहे ना?”

“आहेत. झोपल्यात. ताई, त्यांनी... त्यांनी दंडावर तुमचा नंबर गोंदवून घेतलाय.”

आपण काय ऐकले हे नणंदेला कळायला वेळ लागला. कळले तेव्हा ती हसली, आणि हसता हसताच तो आवाज हुंदक्यात कधी बुडाला ते सुनेला समजलेही नाही. “मी उद्याच येते,” एवढेच ती म्हणाली.

फोन ठेवून सून ओट्याला टेकून उभी राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. दुरावलेली माय-लेक जवळ येत होती, देवाची केवढी कृपा! पण अंतःकरणात कुठेतरी एक बारीक काटा सलत होता आणि त्याची तिला लाज वाटत होती. गोळ्या मी देते... भरवते मी... आणि रस्त्यात हरवल्यावर ज्या माणसाला हाक मारायची ते माणूस मी नाही?

नवरा संध्याकाळी घरी आला तेव्हा तिने त्याला खोलीत नेऊन सगळे सांगितले. तो पलंगावर बसला.

“आईनं? सुई टोचून?” त्याला विश्वासच बसेना. “इंजेक्शनला किती आरडाओरडा करते.”

“माझा नंबर नाही घातला.”

“अगं, तिला कुठे कुणाचा पाठ असतोय आता.”

“ताईंचा आहे.”

तो बुटाची नाडी सोडवत राहिला. “तू मनाला लावून घेऊ नकोस,” तो शेवटी म्हणाला. बायकोच्या मनाला नेमके काय लागले आहे ते न विचारताच माणसे हे वाक्य म्हणतात.

ती माईंना त्याच्यावर सोपवून सभागृहाकडे निघाली. माई एकट्या तर गोंदवायच्या दुकानात गेल्या नसतील, आणि त्यांच्याबरोबर जाणारे माणूस एकच होते. वरच्या मजल्यावरच्या त्या काकूंना सगळे भुवईवाल्या काकू म्हणत, कारण त्यांनी भुवया कायमच्या रंगवून घेतल्या होत्या आणि उजवी भुवई जराशी वर चढल्यामुळे अर्ध्या चेहऱ्याला सतत कशाचे तरी नवल वाटत असे. सून रोज दोघींना सभागृहाच्या दारात सोडी आणि प्रवचन संपल्यावर न्यायला येई. मध्यंतरी एकदा तिने परतताना सहज विचारले होते, आज काय सांगितलं, तर काकू म्हणाल्या “धीर” आणि माई म्हणाल्या “दान”. तिला तेव्हा गंमत वाटली होती. दोघी आत गेल्याच नव्हत्या, हे तिला आज उमगत होते.

प्रवचन सुरू होते. प्रवचनकार बाईंचा आवाज पायऱ्यांपर्यंत येत होता. बोलता बोलता त्या मध्येच थांबत, पेटीवर सूर धरत आणि तेच वाक्य गाऊन म्हणत, की ऐकणाऱ्याचे काळीज हलावे. आज त्या गात होत्या, जो रोज दिवा लावतो त्याच्याकडे कुणी पाहत नाही, सगळे दिव्याकडे पाहतात... तो सूर सुनेच्या थेट हृदयाला जाऊन भिडला आणि ती दारातच थबकली. मग तिने काकूंना खुणेने बाहेर बोलावले.

“अगं, मला काय माहीत ती कुठे नेतेय,” काकू पायरीवर बसत म्हणाल्या. “म्हणाली, चल, एक खूण घालून घ्यायचीय. मला वाटलं एखाद्या कपड्याला.”

“आणि दुकानात गेल्यावर?”

“गेल्यावर मी म्हटलंच, की बाई, या वयात अंगावर गोंदवणं शोभतं का आपल्याला? चार बायका काय म्हणतील?”

“काकू, तुमच्या भुवया...”

“भुवया वेगळ्या. ती निगा आहे,” काकू ताडकन म्हणाल्या. “आणि ती दुकानातली पोरगीसुद्धा आधी नाहीच म्हणत होती. म्हणे, आजी, कातडी नाजूक आहे, दुखेल. तर तुझी सासू म्हणाली, दोन बाळंतपणं काढलीत मी, तू सुई चालव. पोरगी म्हणाली, मनगटावर घालू, म्हणजे कुणालाही दिसेल. ती ऐकेल तर शपथ. हिचं आपलं एकच, खूण आत असते. बाहेर घातली की कपडा वाया जातो. आता मला सांग, रस्त्यात हरवलेल्या बाईच्या दंडाच्या आत कोण बघायला जाणार आहे?”

सुनेला हसू आले आणि त्याच क्षणी डोळेही भरले. “नंबर कुणाचा घालायचा ते कसं ठरलं?”

काकूंची चढलेली भुवई आणखी वर गेली. “मी माझा फोन काढला. म्हटलं, हा घे, सुनेचा आहे माझ्याकडे. तर म्हणाली, तिचा नको.”

“असंच म्हणाल्या?”

“दोनदा म्हणाली. तिचा नको, तिचा नाही घालायचा. आणि दुसराच घडाघडा पाठ म्हणून दाखवला. आम्हा दोघींना वाटलं, घरचाच कुणाचा तरी असेल.” काकूंनी तिच्याकडे निरखून पाहिले. “तुझं तोंड असं का झालं गं?”

आतून गाण्याचा सूर येत होता. सून पायऱ्या उतरली. घरापर्यंतचा रस्ता तिच्या पायाखालचा, पण ती आपल्याच गल्लीपाशी चुकली आणि पुढे निघून गेली. माईंना हे असे होत असेल का, या विचाराने तिला भर रस्त्यात गलबलून आले. राग कुणावर धरावा? विसरत चाललेल्या जिवावर राग धरायचा तरी कसा... आणि न धरावा तर हे जे आत जळते आहे ते काय आहे?

त्या रात्री तिने माईंना जेवू घातले, गोळी दिली, पांघरूण नीट केले. पण रोजच्यासारखी त्यांच्या केसांवरून हात फिरवायला ती विसरली. की विसरली नव्हतीच? तिचे तिलाच सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद आली. उन्हाळा असूनही तिने मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घातला होता आणि त्याची बटणे घट्ट लावली होती. भावाने तिला दारातच मिठी मारली. सुनेने पाणी आणले. माई खुर्चीत बसून वाळलेले कपडे घडी करत होत्या. ते काम त्यांचे हात अजून विसरले नव्हते.

“आई,” नणंद म्हणाली.

माईंनी वर पाहिले. त्या बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

“केस पांढरे झाले तुझे,” माई म्हणाल्या.

नणंद त्यांच्या पायाशी बसली. माईंनी घडी बाजूला ठेवली. “हात दाखव.”

“नको ना आई.”

“दाखव म्हणते ना.”

नणंदेने बटण काढले आणि बाही वर केली. वेल आता जुनी झाली होती, पानांचा हिरवा रंग निळसर पडला होता. माईंनी तो हात आपल्या मांडीवर घेतला, चष्मा सावरला आणि एखाद्या कपड्यावरचा डाग तपासावा तसा खालून वर तपासला.

“अजून वाईटच दिसतं,” त्या म्हणाल्या.

भाऊ फिसकन हसला. नणंदही रडता रडता हसली. “दिसू दे. मला आवडतं.”

माईंचे बोट एका पानावरून हळूहळू फिरत राहिले. मग त्यांनी अगदी खालच्या आवाजात विचारले, “दुखलं होतं का गं तुला?”

“हो.”

“मलाही दुखलं.” माईंचे डोळे भरून आले. “मला वाटलं होतं, नुसती शाई असते. इतकं दुखतं हे मला ठाऊकच नव्हतं. सुई लागली तेव्हा मनात आलं, माझी पोर एवढं सोसून घरी आली होती... आणि मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.”

नणंदेने त्यांच्या मांडीत डोके खुपसले. इतक्या वर्षांचे सगळे मान-अपमान, सगळ्या अर्धवट कापलेल्या रिंगा त्या एका हुंदक्यात विरघळत होत्या. भावाने तोंड फिरवले. सून दाराशी उभी होती, हातात रिकामा पेला घेऊन. आपण इथे थांबावे की आत जावे ते तिला कळत नव्हते. हा त्या दोघींचा क्षण होता. तिचा त्यात भाग नव्हता.

“आई,” नणंद चेहरा पुसत म्हणाली, “माझा नंबर का गं घातलास? माझी आठवण येत होती?”

माई गोंधळल्या. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. हातातून निसटलेला धागा शोधावा तशी त्यांची नजर खोलीभर फिरली आणि दाराशी येऊन थांबली.

“हिच्यासाठी,” त्या म्हणाल्या.

“वहिनींसाठी?”

“ही दात करते ना. मेणाचं काम असतं ते.” माई मुलीला समजावून सांगत होत्या, अगदी सावकाश, जणू तीच काही विसरली असावी. “मी कुठेतरी हरवते. मग लोक हिला फोन करणार. ही हातातलं टाकून धावत येणार. तोवर मेण गार होतं, सगळा दात वाया जातो. आणि तेवढ्यावर थांबत नाही ती, मग घरीच बसते. बसलीच आहे बघ कधीची. म्हणून मी त्या पोरीला म्हटलं, हिचा नको. हिला कुणी फोन करायचा नाही. तुझा घातला. तुला यायला उशीर लागेल, पण तू येशील. तोवर मी बसेन कुठंतरी. मला काय घाई आहे?”

सुनेच्या हातातला पेला खाली पडला. काच नव्हती म्हणून फुटला नाही, नुसता गडगडत पलंगाखाली गेला. तिचा नको... तिचा नाही घालायचा... त्या शब्दांनी रात्रभर तिला जाळले होते, आणि त्यांच्या पोटात हे होते! विसराळूपणाने पोखरलेल्या त्या जिवाने, सुईला भिणाऱ्या त्या म्हातारीने, आयुष्यभर जे निंद्य मानले ते स्वतःच्या अंगावर टोचून घेतले होते, ते हिला मोकळे करण्यासाठी. ती धावत आली आणि माईंच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिला क्षमा मागायची होती, पण कशाची मागायची ते सांगणे कठीण होते.

“माई, काल रात्री मी तुमच्या केसांवरून हात फिरवला नाही.”

“नाही का?” माई म्हणाल्या. “मग आता फिरव.”

नणंद वहिनीकडे पाहत होती. आईने आपल्याला बोलावले ते आपल्यासाठी नव्हे, हे तिला आत्ताच कळले होते, आणि ते कळणे काही सोपे नव्हते. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी काळवंडले.

“पडदे कुठेही बसून शिवता येतात,” ती म्हणाली. “माझी मशीन इकडे आणते. वहिनी, तुमच्या कारखान्यात जागा असेल का अजून?”

“ताई, तुमचं घर, तुमची गिऱ्हाईकं...”

“ते मी बघते. आईने मला कामाला लावलंय. मी नाही म्हटलं तर ती पुन्हा हाकलेल.”

भाऊ खाली वाकला, पलंगाखालून पेला काढला आणि तसाच धरून बसला. “हे मी विचारायला हवं होतं,” तो बायकोला म्हणाला. “काम सोडलंस तेव्हा.”

“हो,” ती म्हणाली. “हवं होतं.”

मशीन आली, समोरच्या खोलीत खिडकीपाशी बसली, आणि तिच्या कडकडाटावर माईंनी पहिले काही दिवस यथेच्छ तक्रार केली. कारखान्यात सुनेची जागा होती. मालक म्हणाला, समोरचे दात तुझ्यासारखे कुणाला जमत नाहीत, या सोमवारीच ये.

सोमवारी सकाळी ती तयार झाली. डबा भरला, केस बांधले, नणंदेला गोळ्यांच्या वेळा पुन्हा एकदा सांगितल्या. नणंदेने त्या पुन्हा एकदा ऐकून घेतल्या. मग ती माईंच्या खुर्चीपुढे वाकली. “माई, येते मी.”

माईंनी तिच्याकडे पाहिले, सौम्यपणे, परक्या माणसाकडे पाहतात तसे. “तुम्ही कुणाकडे आला होतात?” त्यांनी आदराने विचारले.

मशीनचा आवाज थांबला. नणंद अर्धवट उठली. “आई, अगं ही...”

सुनेने हाताने तिला थांबवले. तिच्या आत काय होत होते ते तिला नीट कळत नव्हते... दुःख होते, पण त्या दुःखात राग नव्हता, आणि कालपरवापर्यंत सलणारा तो काटा शोधूनही सापडत नव्हता.

“मी इथलीच आहे,” ती म्हणाली. “कामावर निघालेय.”

“असं होय,” माई म्हणाल्या. “कामावर जावं. बाईमाणसाच्या हाताला काम असावं.” मग त्यांना काळजी वाटली असावी, कारण त्यांनी तिचा हात धरून ठेवला. “सांभाळून जा. घरी तुमची वाट बघणारं कुणी आहे ना?”

“आहे,” सून म्हणाली, आणि त्यांच्या केसांवरून हात फिरवून जिना उतरली.